गाणं शिकायचं कुठे: विद्यापीठात, संगीत विद्यालयात की गुरूकडे?

शास्त्रीय गायन नेटाने शिकायचं ठरलं की महाराष्ट्रातल्या मुलामुलींसमोर तीन रस्ते असतात. विद्यापीठाच्या संगीत विभागात पदवी घ्यायची, संगीत विद्यालयात नाव घालून मंडळाच्या परीक्षा देत जायचं, किंवा एखाद्या गुरूकडे बसून नुसती तालीम घ्यायची. घरात चर्चा होते ती संस्थेच्या नावाची आणि फीची. खरं तर आधी दोन गोष्टी विचारायला हव्यात. दर आठवड्याला तुमचा एकट्याचा गळा कोण आणि किती मिनिटं ऐकणार आहे? आणि शेवटी जो कागद हातात पडेल तो कुठे चालेल? पहिल्याच्या उत्तरावर गाणं ठरतं, दुसऱ्याच्या उत्तरावर पोटापाणी. दोन्हींची सरमिसळ झाली की निर्णय चुकतो.

कागदाचं आधी बघून घ्या

विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. ठरावीक अभ्यासक्रम, वर्ग, परीक्षा अशी घडी त्यांनी बसवली आणि गाणं सर्वांना शिकता येऊ लागलं. त्यांच्या निधनानंतर १९३१ मध्येच त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. आपल्याकडच्या बहुतेक संगीत विद्यालयांतली मुलं याच मंडळाच्या परीक्षांना बसतात. परदेशातली मराठी मुलंसुद्धा तिथल्या केंद्रांवरून बसतात. परीक्षांचा क्रम असा: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण, अलंकार प्रथम, अलंकार पूर्ण. वर्षाला एक धरली तर विशारदला सात आणि अलंकारला नऊ वर्षं लागतात. सत्रं दोन, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर.

विशारद ही विद्यापीठाची पदवी नाही, हे मात्र पालकांनी नीट समजून घ्यावं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याचं कलम २२ सांगतं की पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. म्हणून विशारद-अलंकारची समकक्षता जिथे तिथे वेगळी असते. कुठे कोणत्याही शाखेची पदवी आणि जोडीला विशारद असलं की एम.ए.ला घेतात, कुठे नाही. ‘चालतं हो’ या तोंडी उत्तरावर विसंबू नका. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा आणि शंका ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा.

महाविद्यालयात शिकवायचं असेल तर रस्ता जवळजवळ ठरलेला आहे: एम.ए.ला किमान ५५ टक्के (राखीव प्रवर्गांसाठी ५०) आणि संगीत विषयातली नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नामवंत कलाकारांसाठी आयोगाच्या नियमांत वेगळी तरतूद आहे, पण तिच्या भरवशावर अठराव्या वर्षी बेत आखू नये. स्वतःचा वर्ग काढायचा असेल तर विशारद आणि तयार गळा एवढं पुरतं. बैठकीत गायचं असेल तर कागद कोणी मागत नाही. आकाशवाणीची ‘बी’, ‘बी हाय’, ‘ए’, ‘टॉप’ ही श्रेणीसुद्धा गाणं ऐकूनच मिळते.

मिनिटांचा हिशेब

विद्यापीठात प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात ३० तास. गायनाचा विषय चार क्रेडिटचा असेल तर १५ आठवड्यांत १२० तास, म्हणजे आठवड्याला ८ तास. ऐकायला भरपूर वाटतं. पण वर्गात १२ जण असले तर वाट्याला येतात ४० मिनिटं, तीही सगळा वेळ एकेकाला दिला तरच. बंदिश सगळ्यांना मिळून सांगितली जाते, हजेरी होते, साथीदार यायला उशीर होतो. वीस मिनिटं मिळाली तरी पुष्कळ म्हणायची. विद्यालयात आठवड्याला दोन दिवस तासभर वर्ग आणि दहा मुलं असतील तर तिथे बारा मिनिटं. गुरूकडे आठवड्यातून दोनदा तासभर एकट्याने बसलात तर १२० मिनिटं.

दुसऱ्याची चूक सुधारली जाताना ऐकणं हेही शिक्षणच आहे. पण ते कान तयार झाल्यावर. पहिली तीन-चार वर्षं स्वर लागतो कुठे आणि सुटतो कुठे हे आपल्याला आपलं कळत नाही, ते कोणीतरी समोर बसून सांगावं लागतं. म्हणून आधी गुरू ठरवा, मग शहर, मग संस्था. चांगली तालीम चालू असताना केवळ मोठ्या विभागाच्या नावासाठी गाव सोडून जाणं बहुतेक वेळा तोट्याचं ठरतं. आपल्याच शहरातल्या किंवा तासाभराच्या अंतरावरच्या विद्यापीठात प्रवेश घेऊन तालीम चालू ठेवणं केव्हाही बरं.

काही ठिकाणी ही सांगड संस्थेनेच घातलेली आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ मध्ये सुरू झालं ते गुरुकुल पद्धतीवर, पदवी शिकतानाच गुरूकडे बसवणारं. अशा ठिकाणी प्रवेशाआधी विचारा: मला कोणाकडे पाठवणार? मला निवडता येईल का? दरवर्षी गुरू बदलतील का? वर्षाला एक या वेगाने गुरू आणि घराणी बदलली तर गळ्याला एकही वळण धड लागत नाही.

पूर्णवेळ निवासी तालीम हवी असेल तर कोलकात्याची आयटीसी संगीत रिसर्च अकादमी आहे. तिथे ख्यालगायक पं. उल्हास कशाळकरांनी दीर्घकाळ शिकवलं. निवड झालेल्या शिष्यांना शिष्यवृत्ती मिळते. पण निवड होते ती अगोदरच बऱ्यापैकी गाणाऱ्यांची, आणि तिथे पदवी मिळत नाही. गोव्यातल्या मुलांनी कला अकादमीची चौकशी करावी. संगीतालाच वाहिलेलं विद्यापीठ हवं असेल तर छत्तीसगडमधलं खैरागढचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ पासून आहे.

मग विद्यापीठात जायचंच कशाला? संगीताचा विचार करायला शिकण्यासाठी. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक अशोक दा. रानडे होते. आवाज जोपासना हा विषय त्यांनी आपल्याकडे शास्त्र म्हणून मांडला. एसएनडीटीच्या संगीत विभागाच्या प्रमुखपदी प्रभा अत्रे होत्या. रागाकडे चिकित्सेने बघणं, जुनी ध्वनिमुद्रणं ऐकून घराण्यांतले फरक शब्दांत मांडणं, लेखन, संशोधन हे गुरूच्या बैठकीत सहसा होत नाही. ज्याला याची ओढ आहे त्याने पदवीला जरूर जावं. नुसता गळा तयार करून घ्यायला जाणारा तिथे निराश होतो.

पट्टी: वर्गात सगळ्यात जास्त बिघडते ती

पट्टी म्हणजे आपला षड्ज (सा) पेटीच्या ज्या स्वरावर धरतो ती: काळी एक म्हणजे सप्तकातली पहिली काळी, पांढरी पाच म्हणजे पाचवी पांढरी. मुलग्यांचा षड्ज साधारण काळी एक ते काळी दोनच्या आसपास बसतो, मुलींचा पांढरी पाच ते काळी पाच या टापूत. काळी एक आणि काळी चार यांत पंचमाचं अंतर आहे. मिश्र वर्गात तानपुरा मात्र एकच, म्हणून मधली पट्टी धरतात, पांढरी चार किंवा काळी तीन. मुलांना तार (वरच्या सप्तकातल्या) षड्जाच्या वर जाताना घसा आवळावा लागतो. मुलींना मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम लागतच नाही, नुसती हवा येते. अशी तीन वर्षं गेली की मुलाचा आवाज वरच्या सप्तकात पातळ आणि ताणलेला होऊन बसतो आणि मुलीला खर्जाची, म्हणजे खालच्या स्वरांची, ओळखच होत नाही. शिक्षक कितीही चांगले असोत, हे नुकसान भरून काढायला पुढे वर्ष-दोन वर्षं जातात.

म्हणून प्रवेशाआधीच आपली पट्टी ठरवून घ्या. मुलाने काळी एक, मुलीने काळी चार धरून सुरुवात करावी. आकारात सावकाश मंद्र पंचमापर्यंत खाली जा, मग तार गंधारापर्यंत वर. मंद्र पंचम ऐकू येण्याइतका भरला नाही तर पट्टी एका सुराने चढवा. तार गंधाराला मान ताठली किंवा हनुवटी वर गेली तर एका सुराने उतरवा. झोपेतून उठल्या उठल्या आवाज खाली असतो, तेव्हा ठरवलेली पट्टी दुपारी खोटी ठरते. तासाभराच्या रियाजानंतर, निदान चार-पाच वेगवेगळ्या दिवशी पाहून मगच कायम करा. मुलाचा आवाज नुकताच फुटला असेल तर वर्षभर कायम करूच नका.

संस्थेत विचारा की मुलामुलींच्या गायनाचे तास वेगळे असतात का. नसतील तर निदान आळीपाळीने पट्टी बदलता येते का, एका दिवशी मुलांची, दुसऱ्या दिवशी मुलींची. ज्या दिवशी आपली पट्टी नसेल त्या दिवशी गळा ताणून गायचं नाही. बंदिश लिहून घ्यायची, हातावर ताल द्यायचा, ऐकायचं.

प्रवेश चाचणीची तयारी

चाचणीत बहुधा तीन गोष्टी बघतात: आवडीचा एक राग, स्वरज्ञान आणि लयीची समज. राग यमन, भूप, बिहाग, भीमपलासी यांपैकी जो सगळ्यात जास्त गळ्यावर असेल तो. अनवट राग गाऊन छाप पाडायला जाऊ नका, परीक्षकांना त्यात फक्त कच्चेपणा दिसतो. वेळेचा राग असेल तर उत्तमच, पण सकाळच्या चाचणीत कच्च्या तोडीपेक्षा पक्का यमन बरा. गाण्याआधी समितीला विचारून घ्यायचं.

आता वेळेचं गणित. विलंबित एकतालाची मात्रा ४ सेकंदांची धरली तर १२ मात्रांचं आवर्तन ४८ सेकंदांचं होतं. समितीने पाच मिनिटं दिली तर हातात सहा आवर्तनं, बस. पहिल्यात स्थायी. दुसऱ्या-तिसऱ्यात मंद्र आणि मध्य सप्तकात बढत, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार. चौथ्यात तार षड्ज गाठून अंतरा. पाचव्यात बोलआलाप. सहाव्यात दोन-तीन ताना आणि मुखडा, म्हणजे समेवर आणून सोडणारा बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा. छोट्या ख्यालासाठी दीड-दोन मिनिटं वेगळी मागा. सुरुवातीचा आलाप अर्ध्या मिनिटाच्या वर नेऊ नका. तो दोन मिनिटं लांबवला की समेची (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची) पकड दाखवायच्या आतच ‘पुरे’ येतं.

मुखडा चुकण्याची एक ठरलेली जागा आहे. एकतालाचा ठेका (तबल्याचे ठरलेले बोल) हातावर म्हणून बघा:

धिं धिं | धागे तिरकिट | तू ना | क त्ता | धागे तिरकिट | धी ना

‘धागे तिरकिट’ दोनदा येतं, तिसऱ्या-चौथ्या मात्रेवर आणि पुन्हा नवव्या-दहाव्यावर. मुखडा अकराव्या-बाराव्या मात्रेपासून उचलायचा असतो. बढत करताना भान हरपलं की गायक पहिल्या ‘तिरकिट’लाच दुसरं समजून मुखडा उचलतो आणि सम भलतीकडेच पडते. यावर उपाय म्हणजे ‘तिरकिट’ची वाट बघायची नाही, ‘क त्ता’ ऐकायचं. ते गेलं की पुढचं ‘धागे तिरकिट’ आपलं. महिनाभर रोज दहा मिनिटं ठेका लावून न गाता फक्त ‘क त्ता’वर बोट उचला. मग समेची भीती जाते.

स्वरज्ञानासाठी घरातल्या कोणाला तरी पेटीवर बसवा. षड्ज धरून तीन-तीन स्वर वाजवायला सांगा आणि ओळखा. गोंधळ बहुतेकदा कोमल ऋषभ-शुद्ध ऋषभ आणि शुद्ध मध्यम-तीव्र मध्यम यांत होतो, तिथे जास्त वेळ द्या. चाचणीच्या खोलीतली पेटी आपल्या घरच्या पेटीला मिळेलच असं नाही, म्हणून षड्ज तानपुऱ्यावरूनच घ्यायचा. मालकंसाला तानपुऱ्याची पहिली तार मध्यमात, मारवा-पूरियाला निषादात लागते. मोबाइलचा तानपुरा वापरणारे हे बदलायला विसरतात आणि पंचमवर्ज्य रागात पंचम घुमत राहतो. तबलजींना लय शब्दात सांगू नका, ठेक्याची पहिली दोन अक्षरं आपल्या लयीत म्हणून दाखवा.

विद्यालयातून विद्यापीठात गेल्यावर

पहिली अडचण स्वरलिपीची. पलुस्कर पद्धतीत स्वरावर टिंब म्हणजे मंद्र सप्तक. भातखंडे पद्धतीत स्वरावर टिंब म्हणजे तार, मंद्राचं टिंब खाली. पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि ‘खाली’ला (तालातल्या टाळी नसलेल्या जागेला) अधिकचं चिन्ह. भातखंडे पद्धतीत समेला फुली आणि ‘खाली’ला शून्य. विभागातली पुस्तकं बहुधा भातखंडे पद्धतीची असतात. पहिल्या महिन्यातच आपल्या वहीतल्या दहा बंदिशी दुसऱ्या पद्धतीत लिहून काढा. नाहीतर ग्रंथालयातून उतरवलेली बंदिश एक सप्तक खाली-वर होऊन गळ्यावर बसते.

दुसरी अडचण रागांच्या संख्येची, आणि ती विद्यालयाच्या परीक्षांनाही आहे. एका सत्रात सहा-आठ राग आले की प्रत्येकाची बंदिश आणि पाठ केलेल्या आठ ताना एवढंच होतं. परीक्षा सुटते, राग गळ्यात राहत नाही. त्यातला एकच राग निवडून सत्रभर त्याच्यासोबत राहा. त्याची बढत गुरूकडून करून घ्या, त्याची निदान पाच वेगवेगळ्या गायकांची ध्वनिमुद्रणं ऐका. बाकीचे परीक्षेपुरते तयार ठेवले तरी हरकत नाही. सहा सत्रांत सहा राग खरोखर आपले झाले, तर ती मोठी कमाई आहे.

कॉलेजच्या दिवसात रियाजाला दीड तास मिळाला तर असा वाटून घ्या: १५ मिनिटं खर्ज, २० मिनिटं पलटे (स्वरांचे सरावाचे क्रम) वेगवेगळ्या लयीत, ४० मिनिटं तो एक राग, उरलेली १५ परीक्षेच्या बंदिशी ठेक्यावर. वर्गात तीन तास गायलेल्या दिवशी पलटे वगळा. दमलेल्या गळ्यावर तानांचा मारा केला की आवाज बसतो, आणि बसलेल्या आवाजात कुजबुजून बोलल्याने आराम मिळत नाही, त्रास वाढतो. घोगरेपणा दोन आठवड्यांत गेला नाही तर काढे-गुळण्या थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्या. सुरुवातीच्या गाठी विश्रांतीने आणि आवाजाच्या व्यायामाने बऱ्या होतात, अंगावर काढल्या तर शस्त्रक्रियेपर्यंत जातं.

पैसे, आणि मध्येच मन बदललं तर

केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ या वयात मिळते, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. अट आहे किमान पाच वर्षांच्या तालमीची आणि गुरूच्या दाखल्याची. त्यामुळे कोणाकडे कधीपासून शिकलात याची नोंद आणि मंडळाच्या परीक्षांची प्रमाणपत्रं एका ठिकाणी ठेवा. लहान मुलांसाठी सीसीआरटीची (केंद्राच्या सांस्कृतिक संसाधन आणि प्रशिक्षण केंद्राची) शिष्यवृत्ती वेगळी आहे, तिचा अर्ज १० ते १४ या वयातच करता येतो.

घरून ‘आधी इंजिनिअरिंग कर’ असं म्हणत असतील तर भांडण्याआधी एक पर्याय बघा. २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या घ्यायची मुभा दिली आहे. दोन्हींच्या वर्गांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, किंवा एक पदवी दूरशिक्षणाने घ्यायची. तुमचं विद्यापीठ हे मान्य करतं का, ते मात्र आधी विचारा. तेही जमलं नाही तर गुरूकडची तालीम आणि मंडळाच्या परीक्षा हा जोड कोणत्याही शिक्षणाबरोबर चालतो.

पहिल्या वर्षाच्या अखेरीस स्वतःला एकच गोष्ट विचारा: गेल्या जूनला न येणारं कोणतं काम आता गळ्यातून निघतं? उत्तर सापडत नसेल तर विभागप्रमुखांशी बोलून गुरू किंवा तुकडी बदलून मागा. तेही झालं नाही तर नव्या शैक्षणिक धोरणानुसार एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. मिळवलेली क्रेडिट्स अकॅडेमिक बँकेत जमा राहतात, ती सात वर्षांपर्यंत धरली जातात. त्यामुळे सोडताना हजेरी आणि गुणपत्रकं पूर्ण करून घ्या, क्रेडिट्स खात्यावर चढली आहेत याची खात्री करा आणि मगच नाव काढा.